सासऱ्याच्या नावापुढे शंभर टक्के

धम्मरत्नला यवतमाळात सगळे सीए साहेब म्हणत. तो सीए नव्हता. फायनलच्या परीक्षेला तो इतक्यांदा बसला होता की केंद्रावरचा शिपाई त्याला घरचंच माणूस समजून आज डब्यात काय आणलं ते विचारायचा. शेवटी त्याने परीक्षेचा नाद सोडला आणि पुंडलिकरावांच्या कंपनीत हिशेबनीस म्हणून लागला. पण 'साहेब' मात्र त्याने परत केलं नाही. कोणी सीए साहेब म्हटलं की तो मान जराशी अशी हलवायचा, की हो म्हटल्याचं पाप लागू नये आणि नाही म्हटल्याचं नुकसान होऊ नये. ही कला त्याला कोणत्याही क्लासमध्ये न जाता आली होती.

पुंडलिकरावांची कंपनी चहाची. बायकोचं नाव दिलं की धंद्यात बरकत येते असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून चहाचं नाव कोकिळा. कोकिळाबाई स्वतः दूध पीत. पहिलं दुकान यवतमाळच्या स्टँडजवळ निघालं, धो धो चाललं, मग लोक म्हणू लागले की ही पाटी आमच्याही गावात लावू द्या. तशी नेर, आर्णी, झरीपर्यंत दुकानं झाली. धंद्याच्या भाषेत याला फ्रँचायझी म्हणतात. म्हणजे जागा त्यांची, भाडं त्यांचं, नुकसान झालं तर तेही त्यांचंच. पाटी, मसाला आणि पद्धत कंपनीची. बदल्यात विक्रीतले शेकडा सहा रुपये कंपनीला द्यायचे, आणि मसाल्याचं बिल वेगळं.

महिना संपला की हे सहा टक्के धम्मरत्न कंपनीच्या उत्पन्नात धरायचा, पैसे येवोत न येवोत. त्यामुळे कागदावर कंपनी गुटगुटीत दिसायची आणि बँकेतल्या खात्यात मात्र पगारापुरतंही कधीकधी नसायचं. पुंडलिकराव विचारायचे की सीए साहेब, नफा झाला म्हणता तर तो आहे कुठे? धम्मरत्न सांगायचा, तो लोकांकडे आहे. पुंडलिकराव म्हणायचे, आमच्या शेतातली रानडुकरंही माझं पीक असंच सांभाळून ठेवतात.

मग पुण्याचा एक पैसेवाला माणूस कंपनीत भागीदार व्हायला तयार झाला. त्याची अट एकच, हिशेब मोठ्या कंपन्यांसारखे तपासलेले हवेत. तपासायला नागपूरहून सुरभी मॅडम आल्या. वयाने धम्मरत्नपेक्षा लहान, आणि खरोखरच्या सीए. त्यांनी येणे रकमांचा कागद बघितला आणि विचारलं की यातलं किती बुडेल. धम्मरत्न म्हणाला, बुडाल्यावर लिहू. त्या म्हणाल्या, नाही, आता बुडायच्या आधी लिहायचं असतं. प्रत्येक दुकानदार आजवर कसा देत आला, त्याचा धंदा पुढे कसा चालेल, यावरून त्याचं किती बुडेल याचा अंदाज करायचा आणि तेवढी तरतूद आजच वजा टाकायची.

साक्षगंधाला पाटावर बसलेल्या पोराला घटस्फोटाची टक्केवारी विचारावी तसं हे त्याला वाटलं. पण बसला कामाला, आणि बघता बघता त्याला गोडी लागली. जन्मभर दुसऱ्यांनी त्याला मार्क दिले होते, तेही पासाला कमी पडतील इतकेच. आता तो दुसऱ्यांना देत होता. नेरच्या नंदाबाई पाच तारीख चुकवत नसत, त्यांना त्याने दोन टक्के लावले. झरीचा शाम फोन उचलायचा नाही आणि उचललाच तर नेटवर्क नाही असं स्पष्ट आवाजात सांगायचा, त्याला साठ. असं करत करत तो आर्णीवर आला आणि पेन थांबलं.

आर्णीचं दुकान उकंडाजींचं, म्हणजे धम्मरत्नच्या सासऱ्याचं. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यावर हातात आलेला पैसा त्यांनी जावयाच्या शब्दावर या दुकानात घातला होता. जागाही जावयानेच पसंत केली होती. रस्त्यावर उभं राहून त्याने येणारी-जाणारी माणसं मोजली होती आणि मोठ्या तोंडाने सांगितलं होतं की मामाजी, इथे डोळे झाकून टाका. पुढे रस्ता मोठा झाला, गाड्या गावाबाहेरून जाऊ लागल्या आणि माणसं त्यांच्याबरोबर गेली. दुकानाची विक्री दर महिन्याला खाली येत होती आणि ते आकडे दर महिन्याला धम्मरत्नच्याच टेबलावर येत होते. आता तर उकंडाजींकडून पैसे येणंही थांबलं होतं.

हिशेबाने ऐंशीच्या आसपास बसत होतं. पण सासरा म्हणून कमी लावले असं सुरभी मॅडमना वाटू नये, म्हणून त्याने शंभर लिहिले. त्यांनी नुसती भुवई वर केली. तेवढ्यावर धम्मरत्न दोन दिवस फुगून होता. नात्यागोत्याला न भुलणारा हिशेबनीस अख्ख्या जिल्ह्यात आपण एकटेच, असं त्याला दाढी करताना आरशात दिसत होतं. बायकोला मात्र त्याने हे सांगितलं नाही. एवढा प्रामाणिकपणा घरात परवडणार नव्हता.

आता राहिलं एवढंच की प्रत्येक दुकानदाराकडून 'माझ्याकडे इतकी बाकी आहे, कबूल' असं लिहून आणायचं. तपासणीत ते लागतं. एकेकाला पत्र पाठवायचा कंटाळा म्हणून धम्मरत्नने सगळ्यांची बाकी दाखवणारा कागद शनिवारी दुपारी कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'कृपया पाहून कबुली द्यावी.' टाकून झाल्यावर त्याने तो उघडून बघितला. शहाणा माणूस आधी बघतो.

कागद भलताच गेला होता. त्यात चार रकाने होते. दुकानाचं नाव, येणे रक्कम, वजा तरतूद, आणि शेवटी निव्वळ येणे. शामच्या बाकीतून साठ टक्के वजा. नंदाबाईंच्या बाकीतून दोन. आणि आर्णीच्या पुढे निव्वळ येणे शून्य.

आपलं डोकं शांत आहे असं त्याला वाटलं. त्याने तो कागद दाबून धरला आणि खोडून टाकला. मोबाईलने काहीतरी विचारलं, त्याने पहिलं जे दिसलं त्यावर बोट ठेवलं. कागद नाहीसा झाला. मग त्याने पाणी पिऊन देवळातून आल्यासारखा चेहरा केला आणि नवा, बरोबर कागद नंतर सावकाश करू म्हणून आडवा झाला. कागद फक्त त्याच्या मोबाईलमधून खोडला गेला होता. बाकी सगळ्यांकडे तो होताच.

उठला तेव्हा ग्रुपवर पेढ्यांची, फटाक्यांची आणि हात जोडलेली चित्रं पडली होती. शामने लिहिलं होतं की पुंडलिकरावांसारखा मालक होणे नाही. कोणाच्या तरी मुलाने कोकिळाबाईंच्या फोटोला हार घातला होता आणि वर 'माफीची माय' असं लिहिलं होतं. हार बघून दोघांनी श्रद्धांजलीही वाहून टाकली. तेव्हा धम्मरत्नच्या डोक्यात उजेड पडला. या जिल्ह्यात आकड्यापुढे 'वजा' दिसलं की लोकांना एकच गोष्ट कळते. सरकारची कर्जमाफी बघितलेली माणसं ती. कंपनीला आपल्याकडून काय बुडेल असं वाटतं ते त्यांनी वाचलंच नव्हतं, कंपनीने काय सोडलं ते वाचलं होतं. आणि खरं सांगायचं तर कागद तसाच दिसत होता.

नंदाबाईंचा फोन आला. त्या हळू बोलत होत्या, म्हणून जास्त भीती वाटली. "साहेब, मी दर महिन्याच्या पाच तारखेले पैसे टाकते, तं मले दोन टक्के माफ. आन जो टाकतच नाही त्याले साठ. सरकारनं असंच केलतं. तुमी बी शिकलेच का?" धम्मरत्नने 'बघतो' म्हणून फोन ठेवला. खरं तर त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं आणि हीच अडचण होती. पुढे त्या महिन्याच्या पाच तारखेला नंदाबाईंचे पैसे आले नाहीत. कोणाचेच आले नाहीत.

रविवारी संध्याकाळी घरी पाटोडीचा रस्सा होता. सणवार काही नव्हता. बायको मोनाली त्याच्याकडे अशी बघत होती जशी ती त्याचा पहिला निकाल लागायच्या आधी बघायची. बाबांचा फोन आला होता, ती म्हणाली. सकाळी विहारात वंदना झाल्यावर बाबांनी सगळ्यांना उभं राहून सांगितलं म्हणे, की आमच्या जवाईनं आपल्या सासऱ्याचं पूर्ण माफ करून घेतलं, इतरांचं अर्धंमुर्धं, आमचं पूर्ण. जवाई हिरा आहे म्हणाले. मोनालीचे डोळे भरून आले होते. याच क्षणी खरं सांगायला हवं हे धम्मरत्नला कळत होतं. त्याने पुन्हा वाढून घेतलं.

जेवताना त्याच्या लक्षात आलं की आपण कुठे अडकलो. माफी नव्हती असं सांगावं तर मग शंभर टक्के काय होते ते सांगावं लागणार. आणि शंभर टक्क्यांचा अर्थ एकच होता, हा म्हातारा एक पैसा देणार नाही. हे ज्याने लिहिलं त्यालाच तो म्हातारा गावभर हिरा म्हणत होता. नोकरी गेली तर पोटापुरती दुसरी मिळाली असती. उकंडाजींच्या मनातून उतरलो तर दुसरा सासरा कुठून आणणार?

पुंडलिकरावांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. ते ओरडले नाहीत. "सीए साहेब, तुमी माह्या बायकोच्या नावानं माफी जाहीर केली. घरी ती मले विचारून राह्यली का मले न विचारता कायले केली," एवढंच म्हणाले. मग त्यांनी सांगितलं की पुण्याचा माणूस महिनाअखेर येणार आहे, तोवर प्रत्येक दुकानात जाऊन, तोंडाने समजावून, कबुली आणि पैसे घेऊन या. नाहीतर परत येऊ नका. फोनवर करायचं नाही. फोनवर काय होतं ते त्यांनी बघितलं होतं.

धम्मरत्न आधी नेरला गेला. नंदाबाईंना त्याने समजावलं की बाई, ही माफी नाही, हा भरवसा आहे. तुमच्यावर कंपनीचा अठ्ठ्याण्णव टक्के भरवसा आहे. नंदाबाईंनी थोडा विचार केला आणि उरलेले दोन कुठे गेले असं विचारलं. तो म्हणाला, माणूस आजारी पडतं, आग लागते, काहीही होतं. मग माह्या दुकानाले आग लागन असं तुमी लिवलं का, त्यांनी विचारलं. अर्ध्या तासाने त्यांनी पैसे दिले, पण तिथल्या तिथे त्याच्याकडून दोनाचं शून्य करून घेतलं. सुरभी मॅडमना हे चालणार नव्हतं, पण मॅडम नागपुरात होत्या आणि नंदाबाई समोर.

झरीला वेगळंच झालं. आपण साठ टक्के बुडवू असं कंपनीला वाटतं, हे कळल्यावर शाम लालबुंद झाला. बुडवणारा म्हणता का मले, म्हणत त्याने आतून पैसे आणले आणि निम्मी बाकी टेबलावर आपटली. बाकीची पुढच्या महिन्यात, पण तो आकडा आधी खोडा म्हणाला. तीन वर्षांच्या तगाद्याने जे झालं नव्हतं ते एका अपमानाने झालं. परत येताना धम्मरत्न खुशीत होता. वसुलीची ही नवी पद्धत आपण शोधली, तिच्यावर एखादं भाषण द्यायला आपल्याला नागपूरला बोलावतील, इथवर त्याची मजल गेली होती.

बाकीची सगळी दुकानं झाली. आर्णी राहिली. एक दिवस गाडीचं पंक्चर निघालं, एक दिवस ऊन फार होतं. मग महिनाअखेर आली आणि कारणं संपली.

दुकानात उकंडाजी पांढऱ्या शर्टात गल्ल्यावर बसले होते. बाकावर त्यांच्या नोकरीतले दोन जुने सोबती होते. गिऱ्हाईक नव्हतं. धम्मरत्नला बघताच ते उठले, जय भीम जवाईबापू म्हणाले आणि सोबत्यांना सांगितलं की हेच ते. दोघे उभे राहिले. त्यातल्या एकाने पतसंस्थेचं कर्जही असंच करून देता येईल का ते विचारलं. धम्मरत्न म्हणाला, मामाजी, जरा आत चला, बोलायचं आहे. इथंच बोला, सारे आपलेच आहेत, असं म्हणून उकंडाजींनी शेगडीवर चहा ठेवला.

त्याने सुरुवात ऑफिसच्या भाषेत केली. लेखापद्धती म्हणाला, अपेक्षित तोटा म्हणाला, विवेकपूर्ण अंदाज म्हणाला. तिघे म्हातारे कौतुकाने ऐकत होते. आपल्याला यातलं काही कळत नाही याचा त्यांना अभिमान वाटत होता. शेवटी त्याचं त्यालाच ऐकवेना. "मामाजी, माफी नाही झाली," तो म्हणाला. "तुमची बाकी तशीच आहे. कोण किती बुडवणार याचा तो कागद होता. तो मी लिहिला. तुमच्या नावापुढे शंभर मी लिहिले."

चहा उकळून वर आला. उकंडाजींनी शेगडी बारीक केली. बाकावरचे दोघे एकमेकांकडे न बघता उठले आणि येतो म्हणून निघून गेले. ते आता विहारात काय सांगतील हे धम्मरत्नला लख्ख दिसत होतं. त्याने झरीच्या शामसारखं होईल असं मनात धरलं होतं. म्हातारा चिडेल, दोन शिव्या देईल, पैसे आपटेल, आपण पाय धरू. उकंडाजी चिडले नाहीत. ते स्टुलावर बसले.

"म्हंजे हे दुकान चालत नाही, हे तुमाले मालूम होतं," ते म्हणाले.

तो हो म्हणाला.

"कवापासून?"

धम्मरत्नने खोटं बोलायचा विचार केला. पण विक्रीचे आकडे मामाजींनाही पाठ होते, आणि गणितात तो तेवढाही कच्चा नव्हता. गेल्या उन्हाळ्यापासून, त्याने सांगितलं.

"उन्हाळ्यापासून." उकंडाजींनी शर्टाची बाही उगाच सारखी केली. "मी पेन्शनीतून भाडं भरून राह्यलो. मले वाटे, आज नाही तं उद्या चालन, जवाईनं जागा पाह्यली आहे. मले बुडवणारा लिवलं त्याचं काई नाही, जवाईबापू. देणं तं मी खरंच देऊ नाही शकत. पण माह्यं दुकान बुडते हे तुमी नागपूरच्या बाईले सांगतलं. पुण्याच्या माणसाले सांगनार. मले काहून नाही सांगतलं?"

एरवी कोणी कोंडीत पकडलं की धम्मरत्न स्वतःवरच एखादा विनोद करून सुटायचा. नापास झाल्यापासून त्याला ती सवय होती. आत्ताही तोंडापाशी एक आला होता. त्याला स्वतःची अशी लाज वाटली की तो विनोद त्याने गिळला. दर महिन्याला तो हे आकडे बघत होता. बघून त्याला वाईट वाटायचं आणि मग तो बेरीज करायचा. जागा आपण निवडली, चूक आपली निघेल, म्हणून तो गप्प बसला होता. आणि तो गप्पपणा त्याने शंभर टक्के नावाच्या प्रामाणिकपणात गुंडाळून ठेवला होता.

"माझी जागा चुकली होती," तो म्हणाला. "ते सांगायची हिंमत नव्हती."

उकंडाजींनी बाहेर बघितलं. बाहेर रस्ता मोकळा होता.

"मंग आता सांगा," ते म्हणाले. "बंद करू का चालू ठेवू?"

"बंद करा, मामाजी. याच महिन्यात. तुम्ही कंपनीकडून घेतलेलं मशीन परत विकत घ्यायला मी पुंडलिकरावांना लावतो. त्याच्या किमतीतून बाकी वळती होईल, थोडं तुम्हालाही परत मिळेल. अजून दोन महिने ओढलं तर तेही जाईल."

"हे झालं सांगनं," उकंडाजी म्हणाले. त्यांचा आवाज जड होता, पण पाठ सरळ झाली होती. कित्येक महिन्यांनी कोणी खरं बोललं की माणसाला बरंही वाटतं आणि रडूही येतं, तसं दोघांचंही झालं. मग त्यांनी उठून चहा गाळला आणि कप धम्मरत्नपुढे ठेवला. धम्मरत्न तो प्यायला. चहा खरोखर चांगला होता. कप खाली ठेवला तर उकंडाजींचा हात पुढे आलेला.

"दहा रुपये."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. सासुरवाडीत जावयाने चहाचे पैसे दिल्याचं आर्णीत कोणी ऐकलं नसेल. धम्मरत्नने मान खाली घालून खिसे चाचपले आणि दहाची नोट दिली. उकंडाजींनी ती सरळ करून गल्ल्यात टाकली, विक्रीच्या वहीत एक चहा मांडला, आणि गल्ल्यातून रुपयाचं नाणं काढून त्याच्या तळहातावर ठेवलं.

"याच्यातले साठ पैसे तुमच्या कंपनीचे," ते म्हणाले. "सुटे नाहीत. चाळीस पैसे माहे तुमच्याकडे राह्यले. घेऊन या सवडीनं. मी त्याच्यापुढं टक्के नाही लावत."